सातवी पायरी

१९ जानेवारी

प्रिय दादा,

वाकून नमस्कार. कंबर धरून केलाय, तेव्हा आशीर्वाद जरा भक्कम दे.

पाकिटात हाताला टणक लागेल तो पेनड्राइव्ह आहे. पाकीट टाकून देण्याआधी झटकून बघ, तुझी सवय मला माहीत आहे. आमच्या कानाच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवालीनं परवा विचारलं, फोन असताना पत्रं कसली लिहिता मॅडम? म्हटलं, माझ्या बाबांनी चौतीस वर्षं टपालखात्याच्या रात्रपाळीत लोकांची पत्रं निवडली. त्यांच्या घरात पत्र बंद पडणं शोभत नाही. ती म्हणाली, "पण ते तर आता..." आणि थांबली. आठ महिने झाले, लोक अजून मधेच थांबतात.

आमची शनिवारची खोली जोरात चालली आहे. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या जगाचा ठोका एकाच मापाचा, म्हणून आपलं संगीताचं अवजार आपण घडवावं, ही तुझीच शिकवण. वाचनालयानं माडीवरची खोली दिली, खुर्च्या दिल्या नाहीत. मग ज्यानं त्यानं घडीचं स्टूल आणून भिंतीला लावून ठेवलं. स्टूल आलं की माणूस खोलीचा झाला, अशी आता रीतच पडली आहे. चार वाजता लॅपटॉप उघडतात. कुणी कोड लिहितं, कुणी आवाज गोळा करून आणतं, कुणी नुसतं दुसऱ्याच्या पडद्यात नाक खुपसतं. खाली लाँड्री आहे. तो लाँड्रीवाला आवाज कमी करा म्हणून सांगायला वर आला तो इथलाच झाला. कपडे पिळणाऱ्या यंत्रातून खर्जाचा सूर काढणारं अवजार त्यानं केलंय, नाव 'घरघर'. शाळेतल्या गणितबाईंनी वर्गाच्या हजेरीपटावरून सूर पाडणारं केलं. मूल गैरहजर असेल तिथे शांतता. तापाची साथ आली होती त्या आठवड्याची हजेरी ऐकायला फार सुंदर लागते. बाई स्वतःच ऐकून डोळे पुसत होत्या.

नियम तुझ्या तिकडच्या खोलीचेच. खोलीत झालं ते खोलीचं. अवजाराच्या माथ्यावर हातांची यादी, ज्यानं हात लावला त्यानं काय केलं ते एका ओळीत लिहायचं, आणि लिहिलेली ओळ कुणी खोडायची नाही. दुसऱ्या खोलीत गेलं तरी यादीसकट.

आता पेनड्राइव्हवर काय आहे ते सांगते. त्याचं नाव 'जिना'. बाबांच्या कानाला मी यंत्र बसवलं तेव्हा घरातले आवाज त्यांना कसे ऐकू येत असतील हे बघायला त्यांचं जिना चढणं फोनवर टिपलं होतं. चौदा पायऱ्या. उजवा पाय पडतो, डावा ओढत येतो. नववीनंतर कठड्याला धरून एक श्वास, मग उरलेल्या पाच. तू कुठलाही ठोका दे, 'जिना' त्याला बाबांच्या चालीनं चालवतो. बाबा नाहीत, घर पाडलं, उरला तो एवढाच जिना.

खरं काम केलं घड्याळवाल्यांनी. सत्तरीचे आहेत, घड्याळं दुरुस्त करतात, माझ्याकडे कानाचं यंत्र बसवायला आले आणि खोलीत रमले. ते म्हणाले, "टिक आणि टॉक सारख्या अंतरानं पडले नाहीत की आम्ही म्हणतो घड्याळ लंगडतंय. जन्मभर लंगड काढत आलो. ही पहिलीच, जी जपायची आहे." तीन शनिवार डोळ्याला भिंग लावून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसले. आम्ही हसलो, ते हसले नाहीत.

आईला ऐकवला. ती आत होती. आतूनच म्हणाली, "आले का?" आणि चहाचं आधण ठेवलं. मग दोघींनी तो चहा प्यायला.

सातवी पायरी आहे बरं का त्यात, कुरकुरीसकट. सातवीचं काय ते खोलीत कुणालाही सांगितलेलं नाही. ते आपल्या दोघांचं.

तुझी,
चिमणी

२ फेब्रुवारी

चिमणे,

अनेक आशीर्वाद. चार वर्षांनी मोठा असल्याचा तेवढाच फायदा.

पाकीट झटकलं. 'जिना' ऐकला. सहावी झाली आणि सातवीच्या आधी माझा उजवा पाय आपोआप उचलला गेला. खुर्चीत बसल्या बसल्या! बेचाळीस वर्षांचा घोडा झालो, तरी काका उठतील म्हणून दाराकडे बघितलं. ते रात्रपाळीनंतरची झोप काढायचे, मावशीही दुपारची आडवी झालेली असायची आणि आपण दुपारी बाहेर उंडारून, चपला हातात घेऊन चढायचो. सातवी कुरकुरायची, म्हणून सहावीवरून एकदम आठवीवर उडी. पाच वर्षं तुमच्या घरी राहून शाळा शिकलो, पण पक्कं शिकलो ते हेच.

अवजार म्हणून सांगू? उत्तम आहे. माझ्या खोलीतल्या कुणाच्या बापाला जमणार नाही असं आहे. एकच सुचवतो, ती सातवीची कुरकुर काढ. बाकी वाद्यं चढवलीस की ती कानाला टोचते. काकांचा पाय राहू दे, लाकडाचा आवाज कशाला हवा?

बाकी ठीक. स्टुडिओतली नोकरी गेली, जागा बंद झाली. लगेच मावशीला सांगू नकोस, ती जेवण सोडेल. दोन-तीन ठिकाणी बोलणं चालू आहे. तुझे ते घड्याळवाले कोण, कुठले, जरा लिही. डोळ्याला भिंग लावून कोड वाचणारा माणूस मला पाहिलाच पाहिजे.

तुझा,
दादा

१० फेब्रुवारी

प्रिय दादा,

कुरकुर काढणार नाही. बाबांनी ती पायरी कधी चुकवली नाही. 'माझ्याच घरात मी कुणाला भिऊ?' म्हणत बरोबर तिच्यावर पाय द्यायचे. कानाला टोचते तर टोचू दे. मी रोज लोकांना हेच सांगते, की यंत्र लावल्यावर सुरुवातीला सगळं टोचणारच.

नोकरीचं वाचून वाईट वाटलं. आईला बोलले नाही. इकडे ये चार दिवस, हवापालट होईल. आणि आलास की आमच्या खोलीत बस, स्टूल मी आणून ठेवते.

घड्याळवाल्यांचं विचारलंस. बाजाराच्या कोपऱ्यावर जेमतेम माणूस वळेल एवढं दुकान. घरी इंटरनेट नाही, म्हणून दर शनिवारी झालेलं काम छोट्या डिस्कवर उतरवून रुमालात गुंडाळून घरी नेतात. जावई फोनमधलं काहीबाही बनवणाऱ्या कंपनीत आहे, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर ऐकत बसतात. बोलतात कमी. यंत्र बसवल्यानंतर पहिल्यांदा दुकानात गेले आणि परत येऊन मला म्हणाले, "बाई, माझ्या दुकानात इतका गोंगाट आहे हे मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नाही."

तुझी,
चिमणी

२८ मार्च

चिमणे,

घाईत चार ओळी. काम लागलं! कंपनी मोठी आहे, संगीताचंच सॉफ्टवेअर बनवते. तत्त्वाबित्त्वाचं भाषण देऊ नकोस, पोट तत्त्वावर भरत नाही. मावशीला आता सांग, आणि आधीचं सांगू नकोस.

आमच्या खोलीला जायला वेळच होत नाही. तुझा 'जिना' तिथे अजून उघडलेलासुद्धा नाही. एकदा ऐकून तसाच ठेवून दिलाय.

दादा

६ मे

दादा,

अक्षर लावून घे.

रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. आत टीव्ही चालू होता. आई उठली आणि दाराकडे गेली. कडी काढली, दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. मी विचारलं, कोण आलं? ती म्हणाली, "हे." आणि मग तिचं तिलाच कळलं.

बुटांची जाहिरात लागली होती. एक देखणा माणूस डोंगर चढतोय, आणि खाली ठोका वाजतोय तो बाबांचा. उजवा पडतो, डावा ओढत येतो. नववीनंतर श्वास. तो श्वाससुद्धा, दादा!

लाँड्रीवाल्यानं शोधून काढलं. एका कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये तयार ठोक्यांची रांग आहे, त्यात हा आहे. कुणीही घ्यावा आणि वापरावा. नाव काय दिलंय माहितीये? 'थकलेली चाल'. माझे बाबा थकले नव्हते. त्यांचा पाय लहानपणी मोडला होता आणि त्याच पायानं ते चौतीस वर्षं कामावर गेले. हातांची यादी कुठेही नाही.

ती जाहिरात दिवसातून सहा-सात वेळा लागते. आईला ठाऊक आहे, तरी दर वेळी मान वळते. काल मी टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली, तर ती म्हणाली, "राहू दे गं चालू. तेवढेच येतात."

'जिना' आमच्या खोलीबाहेर फक्त तुझ्याकडे गेला होता, आणि तुझ्याकडे तो बंद आहे. म्हणजे खोलीतल्याच कुणीतरी दिला. सहा महिने मांडीला मांडी लावून बसलेलं कुणीतरी. मी दर शनिवारी एकेकाचं तोंड बघते आणि मला घरी जावंसं वाटतं. हे तुझ्याच कंपनीचं आहे का? असेल तर आत विचार ना, कुणी आणून दिलं म्हणून. तू तिथे आहेस एवढाच मला आधार आहे.

चिमणी

२९ मे

चिमणे,

उत्तराला उशीर झाला. मावशी दाराशी गेली हे वाचून जेवण गेलं नाही.

कंपनी आमचीच आहे, खोटं कशाला सांगू. पण माणसं शेकडो. कुठला आवाज कुठून आला याचा इथे ताकास तूर लागू देत नाहीत. मी नवा, मी विचारायला गेलो तर माझ्याचकडे बघतील.

एवढं मात्र सांगतो, असला माल बाहेरच्या माणसाला सापडत नाही. आतून जातो. दर शनिवारी सगळं उतरवून घरी कोण नेतं, हे तूच मला लिहिलं होतंस. अशा कंपन्यांत वावरणारं माणूस कुणाच्या घरात आहे, तेही तूच लिहिलं होतंस. मी नाव घेत नाही. म्हातारं माणूस आहे, मुद्दाम केलं असेल असंही नाही. जावयाला कौतुकानं ऐकवलं असेल, आणि जावई तो जावई.

फार ताणू नकोस. झालं ते झालं. काकांचा पाय लाखो लोक ऐकतायत, त्यातही काही चांगलं बघता येईल.

दादा

१६ जून

दादा,

तू म्हणालास ताणू नकोस, मी ताणलं.

शनिवारी सगळे जमल्यावर मी विचारलं. नाव घेऊन विचारलं. "तुम्ही दर आठवड्याला डिस्क घरी नेता. तुमच्या जावयानं काय केलं?" आवाज माझाच होता, पण असा मी कधी ऐकला नव्हता. गणितबाई म्हणाल्या, "अगं, पुरावा?" मी म्हटलं, पुरावा रोज टीव्हीवर लागतो.

घड्याळवाल्यांनी रुमाल उघडला, डिस्क माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवली. मग एका कानातलं यंत्र काढलं, दुसऱ्या कानातलं काढलं, डबीत ठेवून डबी खिशात टाकली. मीच बसवलेली यंत्रं. त्यानंतर मी जे काही बोलले ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि मी पुष्कळ बोलले. ते उठले, स्टूल घडी करून काखेत मारलं आणि जिना उतरले. स्टूल दर पायरीला कठड्यावर आपटत होतं. लाँड्रीवाला खालपर्यंत त्यांच्यामागे गेला आणि वर आला तेव्हा माझ्याशी बोलला नाही.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटत नाहीये. बुधवारी त्यांची तपासणीची वेळ होती, ते आले नाहीत. मी त्यांची फाइल टेबलावर तशीच उघडी ठेवली आहे.

मी बरोबर केलं ना? एवढंच लिही. दोन शब्द पुरेत.

चिमणी

३ ऑगस्ट

दादा,

दोन शब्दसुद्धा आले नाहीत. सात आठवडे झाले. मी रोज पोस्टमनची वाट बघितली, आणि आता बरं वाटतं की काही आलं नाही.

गेल्या रविवारी आई भाजी निवडत बसली होती. जाहिरात लागली. तिनं या वेळी मान वळवली नाही. हातातली शेंग तशीच धरून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "हे यांचे पाय नव्हेत."

म्हटलं, आई, बाबांचेच आहेत. ती म्हणाली, "यांनी सातवी कधी चुकवली नाही." आणि पुन्हा शेंगा मोडायला लागली. चुकवायचं कोण, असं मी विचारलं. तिनं शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

सोमवारी दवाखाना सुटल्यावर मी कान तपासायच्या बंद खोलीत जाऊन बसले. तिथे बाहेरचा आवाज येत नाही, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. कंपनीचा तो ठोका लावला, बाकीची वाद्यं काढून टाकली आणि बोटं मोडत पायऱ्या मोजल्या. लोकांचे कान तपासून मी पगार घेते, आणि तीन महिन्यांत हे एकदाही केलं नव्हतं. रडत होते, ओरडत होते, पण मोजलं नव्हतं.

सहावी आहे. आठवी आहे. सातवी नाही.

नुसती कुरकुर काढलेली असती तर मी कुणावरही घातली असती. टोचते म्हणून कुणीही काढेल. पण इथे पायरीच नाही. सहावीवरून पाय उचलतो तो थेट आठवीवर, आणि मधलं अंतर दोन पायऱ्यांचं नाही. उडीचं आहे. हातात चपला घेतलेल्या पोराला लागतो तेवढाच वेळ. तो वेळ या जगात दोनच माणसांना माहीत आहे. त्यातली एक मी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि त्या वळशात मी एका म्हाताऱ्या माणसाला जिन्यावरून खाली उतरवलं.

या वेळी उत्तर दे.

२१ ऑगस्ट

चिमणे,

हो. मी दिला.

आता नीट ऐक. नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. त्या लोकांनी बोलावलं आणि म्हणाले, तुमचं स्वतःचं असं काही दाखवा. माझ्याकडे माझं असं काही नव्हतं गं. वीस वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज साफ केले. खोलीत केलेलं सगळं दहा-दहा जणांचं. तुझा 'जिना' तेवढा माझ्याजवळ होता, आणि तो माझ्याही लहानपणाचा आहे, तुझ्या एकटीचा नाही. मला वाटलं नुसतं दाखवतोय. यादी काढली, कारण यादीसकट दाखवला असता तर ते म्हणाले असते, यात तुम्ही कुठे? ऐकल्यावर ते उठून उभे राहिले. त्यानंतर तोंडातून 'हा माझा नाही' एवढं निघायला हवं होतं, ते निघालं नाही. दुसऱ्या दिवशी निघालं नाही, मग कधीच निघालं नाही.

पण एक गोष्ट तू ध्यानात घे. सातवी मी त्यांना दिली नाही. बसून, हातानं, ती काढली. ती आपली होती. सगळं गेलं तरी सातवी आपल्यापाशी ठेवली, हे मी तुझ्यासाठीच केलं. तुला हे कधीतरी समजेल असं वाटायचं.

घड्याळवाल्यांचं नाव मी घेतलं नव्हतं. पत्र काढून बघ. तू इतकं ताणशील असं वाटलं नव्हतं. मलाही त्यांचं वाईट वाटतं.

मी आता बोललो तर नोकरी जाईल आणि वर चोर ठरेन. काकांनी मला पाच वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं, त्यांनी मला अशा वेळी तोंडघशी पाडलं नसतं. मावशीला काही सांगू नकोस. एवढं कर.

तुझा,
दादा

९ सप्टेंबर

दादा,

पत्र काढून बघितलं. तू नाव घेतलं नव्हतंस हे खरं आहे. केसानं गळा कापणारा माणूस हातात सुरी घेत नाहीच. आळ मी घेतला, तो माझ्याकडेच राहील. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारी मीच.

पण सातवी माझ्यासाठी ठेवलीस, हे पुन्हा कधी लिहू नकोस. सगळ्यात जास्त मला तेच लागलं. तू ती ठेवली नाहीस, नेहमीसारखी चुकवलीस. आठव, तू उडी मारून आठवीवर जायचास. माझे पाय लहान, माझा पाय सातवीवरच पडायचा. कर्र वाजायचं आणि बाबा उठायचे ते माझ्या नावानं ओरडत. तोवर तू वर जाऊन पुस्तक उघडून बसलेला असायचास. मी एकदाही सांगितलं नाही, कारण तू माझा दादा होतास आणि मला वाटायचं, तू माझ्यावर विश्वासानं सोडून जातोस. या वेळी पाय घड्याळवाल्यांचा पडला. तू पुन्हा वर आहेस, पुस्तक उघडून.

मी त्यांच्या दुकानात गेले होते. कानात यंत्र नव्हतं. मी बोलत राहिले, ते माझ्या ओठांकडे न बघता एका बायकी घड्याळाचं मागचं झाकण उघडत राहिले. शेवटी त्यांनी दुरुस्तीच्या पावत्यांचं पुस्तक आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी पावतीवर लिहिलं, 'तुम्ही दिला नव्हता. माझ्या भावानं दिला. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, मला माफ करा.' त्यांनी भिंग लावून ते वाचलं. दोनदा वाचलं. मग दुरुस्तीला आलेली घड्याळं ठेवतात तसल्या लहान पाकिटात ती पावती घातली, पाकीट खणात टाकलं आणि म्हणाले, "बघतो. वेळ लागेल. तारीख देत नाही."

दोन शनिवार झाले, ते आलेले नाहीत. त्यांच्या स्टुलाची जागा भिंतीशी रिकामी आहे, तिथे कुणी काही ठेवत नाही.

खोलीत मी सगळं वाचून दाखवलं, तुझी पत्रंसुद्धा. लाँड्रीवाला म्हणाला, कंपनीला लिहू या. लिहिणार आहोत, आणि खाली सगळ्यांच्या सह्या असतील. तुझी नोकरी राहील की जाईल ते मला ठाऊक नाही, आणि मी त्यासाठी लिहीत नाहीये. 'थकलेली चाल' हे नाव निघावं आणि यादी परत वर लागावी, एवढंच मागणं आहे. तुझ्या खोलीलाही एक प्रत पाठवणार आहोत. ज्यानं नियम शिकवला त्याच्या घरी नियम पोचलेला बरा.

आणि नियमाप्रमाणे 'जिन्या'ची यादी पुरी केली. ज्यानं हात लावला त्याची ओळ लिहायची, आणि लिहिलेली कुणी खोडायची नाही. आता ती अशी आहे:

चिमणी: बाबांचे पाय आणले.
घड्याळवाले: लंगड जपली.
गणितबाई: नववीनंतरचा श्वास मोजला.
लाँड्रीवाला: कुठल्याही ठोक्याला जोडता येईल असं केलं.
दादा: सातवी पायरी काढली. यादी कापली.
चिमणी: घड्याळवाल्यांवर आळ घेतला.

यापुढे माझं पत्र येणार नाही. बाबांना हे आवडलं नसतं, त्यांना पत्र परत पाठवायलासुद्धा जिवावर यायचं. पण तुझं आलं तर मी ते न उघडता पोस्टमनच्या हातात देईन.

आईला काही सांगू नकोस म्हणालास. सांगावं लागलं नाही. हे पत्र लिहिताना ती शेजारीच बसली होती. कुणाला लिहितेस हे तिनं विचारलं नाही. पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा म्हणाली, "त्याला माझी एक ओळ लिही." म्हटलं, सांग.

"लिही, दुपारची मी जागीच असायचे."